चेंबरवरची लाल रेघ

प्रिय गाव्रील,

पत्राबरोबर दोरीनं बांधलेलं एक खोकं आलं असेल. ते आधी उघडू नकोस. आधी हे वाच. मला ठाऊक आहे, तू उलटंच करशील, लहानपणापासून तुझं तसंच आहे, तरी सांगते. पाकिटाच्या तोंडावर मी माझ्या पोरीच्या, लुकेरियाच्या नेलपॉलिशनं लाल रेघ ओढली आहे. तू फाडण्याआधी ती अखंड होती का, तेही आठवून ठेव. टपालाच्या विमानावरचा तो लांब मानेचा माणूस पाकिटं उजेडाला धरून बघतो. त्याला आपली भाषा येत नाही असं सगळे म्हणतात. मला तसं वाटत नाही. मागच्या महिन्यात मी त्याच्या बुटांबद्दल काही बोलले, तर त्यानं खाली बघितलं.

माफीबिफीचं पत्र समजून वाचायला बसू नकोस. चौथीत शाळा सुटली, तेव्हापासून एवढं लांब मी काही लिहिलेलं नाही. तीन दिवस झाले, रोज दुपारी पेन्सिल घेऊन बसते आणि तेवढ्यात शेगडी विझते. अक्षर वाकडं आहे. हसायचं तर हस.

इकडची खबर अशी की नदीवर बर्फ अजून माझ्या कमरेएवढा जाड आहे. पराशा आजीला नवीन कवळी मिळाली, ती घालून ती सुकवलेला मासा खाते आणि खाऊन झाल्यावर कवळी काढून ठेवते, म्हणजे कवळी कशासाठी केली ते तिलाच ठाऊक. तुझ्या घराच्या छपरावरचा बर्फ मी दोनदा उतरवला. कुणी तुला सांगितलं असेल तर ते खरं आहे, पण उगाच काही समजू नकोस. छप्पर बसलं असतं तर माझ्या मासे सुकवायच्या मांडवावर पडलं असतं. खिडकीतून आत बघितलं. भिंतीवर प्रत्येक पान्याभोवती तू पेन्सिलीनं त्याचा आकार काढून ठेवला होतास ना, पाने गेले, आकार तेवढे राहिलेत. तू तिकडे नदीच्या मुखाशी बहिणीकडे राहून बोटींची इंजिनं उघडतोस असं ऐकलं. विमानाला कुणी हात लावू देत नाही असंही ऐकलं. ते कशामुळे, ते आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. त्याच्यावर येते. आधी येता येत नाही मला.

आपण आतेमामे भावंडं. तू चुलतभाऊ असतास तर मी तुझ्यासमोर खाली बघून, शब्द तोलून बोलले असते. पण तुझी आई माझ्या बापाची बहीण, म्हणजे जन्मापासून मला तुझी टर उडवायची मोकळीक आणि तुला माझी. मी सात वर्षांची असताना तू माझ्या बुटात जिवंत काळा मासा सोडलास. मी रडत आईकडे गेले तर ती म्हणाली, "रडतेस काय, नवरोबा आहे तो तुझा. उद्या तू त्याच्या अंथरुणात दोन सोड." मी तीन सोडले. तेव्हापासून तू नवरोबा. मकारशी माझं लग्न झालं त्या दिवशी तू पंगतीत बसून "माझी बायको पळवली" म्हणून गळा काढलास, आणि मकार हसून हसून आडवा झाला. सगळ्यांना ठाऊक असलेला नियम एकच. ज्याची टर उडवली त्यानं हसायचं. जो चिडला तो हरला. हा नियम ज्या कुणी केला त्यानं चांगल्यासाठीच केला असेल, पण त्यानं माझ्यासारखी बाई हिशेबात धरली नव्हती.

आता ऑइलचं. आमच्या घरची हिवाळ्यातली रीत तू बावीस वर्षं बघतो आहेस. विमान दुपारी नदीवर उतरलं की इंजिन गरम आहे तोवर त्याच्या पोटाखालचा चेंबर रिकामा करायचा, खालचा नट काढून सगळं ऑइल कॅनमध्ये घ्यायचं, नट परत बसवायचा, कॅन शेगडीशेजारी ठेवायचा आणि सकाळी गरम ऑइल वरून ओतायचं. नाहीतर उणे तीसमध्ये त्याचा डिंक होतो. मकार विमान चालवायचा, नट माझ्याकडे. चार वर्षांपूर्वी मकार गेला, विमान लुकेरियाकडे आलं, नट माझ्याकडेच राहिला. आणि ऑइल ओतल्यावर इंजिनाखाली बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा टाकायचा, तेही माझ्याकडे. पुस्तक मला धड वाचता येत नाही, पुठ्ठा येतो. बोराएवढा डाग असेल तर काही नाही, जुन्या इंजिनाला तेवढं चालतं. गेल्या नोव्हेंबरात बोराएवढा डाग अंड्याएवढा झाला. मी पुठ्ठ्यावर तारीख घातली आणि ठेवून दिला. दुसऱ्या दिवशीचाही ठेवला. डिसेंबरात माझ्याकडे पुठ्ठ्यांची चळत झाली होती, आणि ती मी कुणाला दाखवली नव्हती. चोराला कळू नये म्हणून.

हसू नकोस. मला चोरच वाटला होता. सकाळी जेवढं ओतायची तेवढं दुपारी परत यायचं नाही. दीर तिमोफेय रोज चहाला येतो आणि बरोब्बर शेगडीजवळच्याच खुर्चीवर बसतो. मी कॅनवर खिळ्यानं रेघ मारली आणि झाकणावर माझा एक केस चिकटवला. आठवडाभर तिमोफेयला चहा बाहेरच्या पडवीत दिला, तिथे कप हातात घेईपर्यंत चहा गारठतो. "वहिनी, मी काही केलं का?" म्हणाला. मी म्हटलं, "ते तूच सांग." बिचारा विचार करत घरी गेला. पण केस जागच्या जागी होता आणि ऑइल खिळ्याच्या रेघेशीच होतं. म्हणजे शेगडीजवळ ते कमी होत नव्हतं, विमानात कमी होत होतं. आणि विमानाला हात कुणाचे लागतात? माझे, लुकेरियाचे आणि तुझे. लुकेरिया माझी मुलगी. मी म्हणजे मी. राहिलं कोण?

तुझं काम मला कधी पटलंच नव्हतं, हे आता लिहूनच टाकते. तुझं लायसन भिंतीवर टांगलेलं होतं, नदीवरची सगळी विमानं तुझ्याकडे यायची, मकार तर तुझ्याशिवाय एक बोल्ट हलवायचा नाही. पण मी बघायची. ऑक्टोबरात तू वर्षाची तपासणी केलीस आणि नट बसवताना पाना दोन बोटांनी धरलास. जेवताना चमचा धरावा तसा. वॉशर दबल्याचं बोटांना कळलं की तू थांबलास. मी म्हटलं, एवढंच? तू म्हणालास, "आगा, नट आहे तो, शत्रू नाही." आणि तो तांब्याचा वॉशर. दर आठवड्याला येऊन तो काढायचा, ज्योतीवर लाल करायचा, पाण्यात टाकायचा आणि परत बसवायचा. मऊ होतो म्हणायचास. मला वाटायचं, नवा मागवायची कटकट नको म्हणून जुनाच भाजून आमच्या गळ्यात मारतोय. अर्थात तू गेलास की मी मकारचा लांब पाना आणून नट नीट आवळायची.

नाताळाच्या आधी मी तुला पकडायचं ठरवलं. दुपारी ऑइल काढलं, नट बसवला, आणि नटावरून चेंबरच्या पत्र्यावर येईल अशी नेलपॉलिशची लाल रेघ ओढली. कुणी नट फिरवला तर रेघ तुटणार. सकाळी बॅटरी घेऊन बर्फावर आडवी झाले, वर बघितलं, रेघ तुटलेली. पुढे बघायला थांबले नाही, नाक गोठत होतं. उठले तर बर्फात बुटांचे ठसे. डाव्या टाचेला टायरचा तुकडा लावलेला बूट या गावात एकाचाच आहे. मी कुणाला बोलले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा रेघ ओढली, पुन्हा तुटली. त्याच दुपारी तू चहाला आलास आणि म्हणालास, "आगा, काही दिवस नटाला पाना लावू नकोस. मला चेंबर उतरवून बघू दे." मी तुझ्याकडे बघत राहिले. आधी स्वतः सैल करायचा, मग स्वतःच उतरवायला मागायचा. मी म्हटलं, सण होऊ दे. आणि मनात म्हटलं, सणातच बघते तुला.

जानेवारीतला, आपल्या जुन्या पंचांगाच्या नाताळातला तो दिवस तुला मी सांगायला नको. नाताळचा सजवलेला तारा पुढे धरून त्याच्यामागून गात गात पाच घरं झाली होती, सहावं पराशा आजीचं. सगळं गाव जमिनीवर मांडी घालून, ताटं भरलेली, तू खिडकीखाली चरबी फेटून त्यात बोरं घातलेल्या अकुताकची वाटी घेऊन बसलास. मी उभी राहिले. "लोकहो, माझ्या नवरोबाला माझ्या हातचा चहा एवढा आवडतो, की यायला निमित्त हवं म्हणून तो दर आठवड्याला माझा नट सैल सोडून जातो." घर हसलं. पराशा आजी म्हणाली, "मग घरातच ठेवून घे ना त्याला, ऑइल तरी वाचेल." आणखी हसले. तूही हसलास, म्हणालास, "चहाच तसा आहे तिचा, एकदा प्यायला की आठवडाभर तोंड वाकडं राहतं." तिथे थांबायला हवं होतं मी. पण माझ्याकडे पुठ्ठ्यांची चळत होती, ठसे होते, रेघ होती. मी म्हटलं, "तुम्हीही आपापल्या विमानाखाली बघा बाबांनो. थेंब थेंब गळतं ठेवलं की गिऱ्हाईक दुसरीकडे जात नाही." तेव्हाही काही जण हसले. तिमोफेयनं हातातला तुकडा ताटात ठेवला. तू हसलास. तुला हसावंच लागलं. मग तू चहाचा कप खाली ठेवलास, अर्धा भरलेला. तुझा अर्धा ठेवलेला कप मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला. पाचव्या दिवशी तू पेटी बर्फगाडीला बांधून गेलास, आणि मी खिडकीत उभी राहून म्हटलं, बघा, खोटा नसता तर राहिला असता.

आठवड्याभरात तिमोफेयनं त्याचं विमान बेथेल शहरातल्या मिस्त्रीकडे नेलं. मग आणखी दोघांनी. ते मला कुणी विचारायला आले नाहीत, आणि मीही सांगायला गेले नाही. इकडे तू गेल्यावर वॉशर भाजायला कुणी नव्हतं. तो दगड झाला, नटाखाली दबेना, मग मी लांब पान्याच्या दांड्यात पाइप घालून आवळायला लागले. थेंब थोडे कमी झाले. मी लुकेरियाला म्हटलं, "बघ. तो गेला आणि गळती कमी झाली." ती बूट चढवून विमानाकडे गेली. 

फेब्रुवारीत ती पराशा आजीला कवळीसाठी बेथेलला घेऊन गेली. परत येताना अर्ध्या वाटेवर ऑइलचा काटा खाली आला. आधी हळू, मग एकदम. तिनं इंजिन बंद केलं आणि मासेमारीच्या जुन्या तळासमोर नदीवर विमान उतरवलं. रेडिओवर ती बोलली तेव्हा मी कणीक मळत होते. आवाज अगदी शांत. "आई, आम्ही खाली आहोत, ठीक आहोत, बर्फ काळा झालाय सगळा." नंतर मी बघितलं, विमानाच्या पोटापासून शेपटीपर्यंत ऑइल माखलं होतं. पराशा आजी आजही सांगत फिरते, पोरीनं असं उतरवलं की थर्मासातला चहा हलला नाही. आणि त्या दिवशी आजीनंच रेडिओवर सांगितलं, सगळी नदी ऐकत असताना, "गाव्रीलनं सैल सोडलेला नट शेवटी निघालाच की." तू जाऊन महिना होत आला होता. रोज नट मी काढत होते, मी लावत होते. हे मला आणि लुकेरियाला, दोघींनाही ठाऊक होतं. रेडिओ माझ्या हाताशी होता. मी कणीक मळली.

बेथेलहून लॉइड नावाचा मिस्त्री आला, गोरा, तरणा, कान लालबुंद. काम येत होतं त्याला. इंजिनावर तंबू टाकला, आत हीटर लावला, चेंबरचे बोल्ट एकेक काढून मफिनच्या ट्रेमध्ये ज्या त्या जागच्या खळग्यात ठेवत गेला. चेंबर खाली आला तेव्हा इंजिनाला जुनं पॅकिंग चिकटून राहिलं होतं. तो लोखंडी पट्टीनं खरवडायला लागला, मी त्याचा हात धरला. चरे पडले तर उद्या तिथूनच गळेल एवढं मलाही कळतं. समुद्रातल्या सीलचं कातडं साफ करायचं हाडाचं खरवडणं आणून दिलं. दहा मिनिटांत सगळं साफ. "हे कुठे विकत मिळतं?" म्हणतो. मी म्हटलं, माझ्या आजीकडे. "ती कुठे असते?" टेकडीवर, क्रुसाखाली. त्याचे कान आणखी लाल झाले. मला तो आवडला. म्हणून जास्त लागलं.

त्यानं चेंबर पेट्रोलनं पुसला आणि दिव्याखाली धरला. नटाच्या बसायच्या जागेपासून तडा निघालेला, माझ्या करंगळीएवढा लांब. त्यानं त्यावरून नख फिरवलं. "नटाची जागा बघ, आत ओढली गेलीय, बशीसारखी. हा एका दिवसाचा प्रकार नाही. कुणीतरी रोज थोडं थोडं मारलंय याला. कोण आवळतं हा नट?" मी म्हटलं, "गावात काय, कुणीही." मग तो म्हणाला, "आणि हे लाल काय आहे?" माझी रेघ होती ती, नट लावला की रोज नवी ओढायची मला सवयच लागली होती, त्यातली शेवटची. नटापासून निघून पत्र्यावर आलेली. गाव्रील, नट आणि पत्रा जिथे मिळतात तिथे ती तुटली नव्हती. तिथे ती धड होती. तुटली होती त्याच्या एक बोट पलीकडे, पत्र्यावरच, तडा तिच्याखालून गेला होता तिथे. नट कुणी फिरवलाच नव्हता. लोखंड फाटत होतं आणि रेघ ते मला रोज सकाळी दाखवत होती, आणि मी बर्फातले ठसे मोजत होते. मी लॉइडला म्हटलं, "कुणास ठाऊक काय आहे." लुकेरिया दिवा धरून उभी होती. तिनं दिवा त्या रेघेच्या आणखी जवळ नेला.

त्यानं अँकरेजहून दुसरा चेंबर मागवला, वापरलेला पण सरळ. नवं पॅकिंग घातलं, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करत आवळले, तासभर इंजिन चालवलं. पुठ्ठा कोरडा. जुना चेंबर भंगारात टाका म्हणाला. मी म्हटलं टाकते, आणि तो मासे धुरवायच्या खोपटात कातड्यांच्या मागे ठेवला. लपवणारा तो चोर, असं आयुष्यभर मीच म्हणत आले. ईस्टरआधीचे उपास लागायच्या आदल्या रविवारी चर्चमध्ये सगळे रांगेनं एकमेकांपुढे वाकून क्षमा मागतात, तशी मीही मागितली. तिमोफेयची मागितली, पराशा आजीची मागितली, ती म्हणाली, "तू माझं काय केलंस गं?" कारण सांगावं लागत नाही तिथे, म्हणून मला सोपं गेलं. रांगेत तुझी जागा होती ती मागच्या माणसानं पुढे सरकून भरली. त्या दिवसापासून मला झोप नाही आणि जेवण गोड नाही. तू डिसेंबरात पहाटे का आला होतास, तेही मला कळलं. लुकेरियानं तुला बोलावलं होतं. आईला सांगू नका, ऑइल कमी येतंय, एकदा बघून जा म्हणाली होती. माझ्या घरात माझ्यापासून लपवून. तिचा राग आला, मग वाटलं, मला सांगून काय मिळालं असतं तिला? माझा लांब पाना.

आता खोक्याचं आणि पत्राचं सांगते. माझे गुडघे आता बर्फावर टेकत नाहीत, म्हणून महिनाभर ऑइल लुकेरियाच काढते. चार दिवसांपूर्वी मी खिडकीतून बघत होते. तिनं नट लावला, दोन बोटांनी फिरवला, थांबली. मला बरं वाटलं. मग तिनं मान वळवून इकडे तिकडे बघितलं, पाना दोन्ही हातांत धरला आणि अंग टाकलं त्याच्यावर. हुबेहूब मी. मी लांब पाना उचलून लपवला, तर संध्याकाळी म्हणते, "आई, पाना तिमोफेयकाकानं नेला. तो सारखा इथे कशाला येतो?" मी तिला सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, पुठ्ठ्यांसकट. ती म्हणाली, "मला त्या दिवशीच कळलं होतं, आई. नेलपॉलिश माझंच. तू कधी बोलतेस ते बघत होते." मग कळतंय तर एवढा आवळतेस कशाला, मी ओरडले. तर म्हणाली, "कळतं गं. हात ऐकत नाही. थांबले की वाटतं, सैल राहिला." गाव्रील, हे वाटणं तिला मी दिलं. ते मला तिच्या हातातून काढता येत नाही, माझ्या स्वतःच्याच हातात ते अजून आहे. आणि नवा चेंबरही पत्र्याचाच आहे, तोही फाटेल, आणि दर वेळी खाली सपाट नदी असेलच असं नाही. तिच्या बोटांवर तुझी बोटं ठेवून तूच तिला सांगायला हवं, की आता पुरे. ईस्टरला ये. खोक्यात जुना चेंबर आहे, मी तो पुसलेला नाही, रेघ तशीच आहे. तो घेऊन ये, पंगत बसली की मधोमध ठेव आणि माझी टर उडव. पाळी तुझी आहे. जेवढी वाईट सुचेल तेवढी उडव, पराशा आजीची कवळी पडेपर्यंत उडव. मी हसेन, मला हसावंच लागेल, आणि ते कसं असतं ते मलाही एकदा कळू दे. सगळ्यांचं हसून झालं की मी उभी राहीन आणि थट्टा न करता सांगेन की नट कुणी आवळला आणि आळ कुणावर घातला. तू नाही आलास तरी सांगेन. पण तू नसताना सांगितलं तर ते पुन्हा तुझ्या पाठीमागे बोलल्यासारखंच. तुझ्या घरात शेगडी पेटवून ठेवीन. चहा दोन कप करीन, तुझा पूर्ण पिऊन जा. आणि पाकिटावरची लाल रेघ तुटलेली आली असेल, तर त्या लांब मानेच्या माणसावर आळ घेऊ नकोस. आधी नीट बघ ती कुठे तुटली आहे. थंडीत कागदसुद्धा घडीवर आपोआप फाटतो.

तुझीच मामेबहीण,
आगाफिया